काड्या टेकवायचे दगड

अमेरिकेतल्या मराठी माणसाचं 'तिकडे' म्हणजे भारत. "तिकडे आंबे आले असतील," "तिकडे आई एकटीच असते," असं कुणी म्हटलं की कुठल्या देशाबद्दल चाललंय हे विचारावं लागत नाही. वेस्ट विंडसरमधल्या माझ्या घरमालक काकांचं 'तिकडे' मात्र जपान होतं. तरुणपणी कंपनीने त्यांना पंप बसवायला दीड वर्ष ओसाकाजवळच्या एका कारखान्यात धाडलं होतं. ते पंप बसवून आले, आणि उरलेलं आयुष्य त्यांनी जपान इतरांच्या डोक्यावर बसवण्यात घालवलं. त्यांचं लहानपण पुण्यात गेलं होतं आणि नोकरीची बाकी सगळी वर्षं न्यू जर्सीत, पण या दोन ठिकाणांबद्दल त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

खोली बघायला गेले त्या दिवशी दार उघडून त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"शूज बाहेर. आमच्याकडे जपानी पद्धत आहे."

मी नागपूरची. आमच्या घरात कुणी चपला घालून आत आला असता तर आईने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला असता. ही पद्धत आपल्याकडे जपानमधून आली हे मला त्या दिवशी कळलं. काकांना असे बरेच शोध लागलेले होते. चहा जपानी, पाहुण्याला वाकून नमस्कार करणं जपानी, थोडं जेवून उठणं तर फारच जपानी. मागून काकू पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "येतेस ना राहायला? रविवारी रात्री आमच्याकडेच जेवत जा." मी गॅरेजवरची ती खोली घेतली ती काकूंच्या या एका वाक्यामुळे. आठवडाभर प्रिन्स्टन जंक्शनहून न्यूयॉर्कला ये-जा करायची आणि रात्री सीरियल खाऊन झोपायचं, असं आयुष्य चाललं होतं माझं. रविवारच्या वरणभाताच्या आशेवर मी जिना चढले.

वरणभात मिळाला. चॉपस्टिक्सने.

अक्रोडाच्या लाकडाचं लांबलचक टेबल, वर कापड नाही, आणि प्रत्येकासमोर पाच छोट्या वाट्या. वरण, भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि लोणच्याची एक फोड. वाट्यांच्या पुढ्यात दोन काड्या आडव्या, आणि काड्यांची टोकं एका दगडावर टेकलेली. दगड म्हणजे खरोखरचा दगड, नदीतला, अंगठ्याएवढा. मी तो उचलून बघायला गेले तर काका म्हणाले, "असू दे. ती हाशिओकी आहे." वरण काडीने कसं खायचं ते मी विचारलं नाही, कारण काकांनी वाटी तोंडाला लावून मोठ्याने भुरका मारून दाखवला. भुरका मारणंही तिकडे सभ्यपणाचं असतं म्हणे. आमच्या नागपुरात भुरके मारणाऱ्या काकालोकांना इतकी वर्षं आम्ही उगाच नावं ठेवली.

तीन घास झाल्यावर मी पाणी प्यायला काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. काकांनी मान हलवली, आणि काकूंनी येऊन माझ्या पाचही वाट्या उचलल्या.

"काका, माझं व्हायचंय अजून."

"काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या म्हणजे जेवण संपलं."

"मी पाणी प्यायला ठेवल्या."

"मग दगड कशाला दिलाय?" ते म्हणाले, आणि जेवत राहिले. "हे बघ, काडी टेबलाला लागता कामा नये आणि वाटीवरही पडता कामा नये. एकतर हातात, नाहीतर दगडावर. तिसरी जागा नाही."

मला वाटलं गंमत चालली आहे. पण काका गंमत करत नसत. शेवटी काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि ओट्यावर एक थाळी सरकवली. भात, त्यावर वरण, तुपाची धार. "जेव आता. हाताने." त्याही शेजारीच उभ्या राहून जेवायला लागल्या. तोपर्यंत त्या जेवल्याच नव्हत्या, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पाच-पाच वाट्या एकेक करून न्यायच्या, रिकाम्या झाल्या की आणायच्या, मग बसणार कधी?

"गार झालंय गं, चालेल ना?"

"गरम करून घ्या ना तुम्ही."

"एकटीसाठी कोण मायक्रोवेव्ह लावत बसतं? सवय झालीय." त्यांनी घास कालवला आणि बाहेरच्या टेबलाकडे पाहिलं. "ते टेबल माझ्या पसंतीचं आहे बरं का. एकदा त्या टेबलावर बसून गरम वरणभात हाताने खायचाय मला. बाकी काही नाही."

एवढीच मागणी होती बाईची. आणि काकांच्या त्या घरात ती पुरी होण्याची शक्यता दिसत नव्हती.

काकांकडे दगड पुष्कळ होते. जेवणघरातल्या लांब कपाटाच्या खणांत, मऊ कापडावर, एकमेकांना न लागता झोपलेले. त्यातला एकही विकतचा नव्हता. "दगड घडवायचा नसतो, घ्यायचा नसतो. तो सापडायचा असतो," हे काकांचं आवडतं वाक्य. त्यासाठी ते डेलावेअर नदीच्या काठी जात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरत, आणि काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात ओले दगड देत सुटत. दोनदा तो काठावरचा माणूस मी होते. माझा रुमाल भरला की ते बाहेर येत, एकेक दगड बोटावर तोलत, आणि जवळजवळ सगळे परत पाण्यात फेकत. दगडाला मधे नैसर्गिक खळगा हवा, पण तो मुद्दाम पडल्यासारखा दिसायला नको. तळ सपाट हवा, पण फार सपाट नको. काकूंशी लग्न ठरवताना त्यांनी याच्या निम्मीही चिकित्सा केली नसेल.

एडिसनच्या बाजूला एका जपानी दुकानात नैसर्गिक दगडांच्या हाशिओकी मिळतात, असं मी एकदा बोलून गेले. झालं. शनिवारी काका मला घेऊन तिथे गेले आणि काउंटरवरच्या मुलीला खोका उघडायला लावून, हे दगड यंत्रात घोळवून गुळगुळीत केलेत, यांना नैसर्गिक म्हणणं ही फसवणूक आहे, असं जपानीत सांगायला लागले. ती मुलगी कोलंबियाची निघाली. तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर कोरियन होता. काकांनी त्याला तेच सगळं आणखी मोठ्या आवाजात जपानीतच सांगितलं.

पण त्या दुकानात मला एक गोष्ट कळली. खोक्यात दगड पाच होते. तिकडे सेट पाचाचाच असतो, चार अशुभ. काकांना इतक्या वर्षांत पाचाचा सेट जमला नव्हता. दगड खूप, पण एकमेकांना शोभतील असे पाच नाहीत. "वेगवेगळे हवेत, पण एका घरातले वाटले पाहिजेत," असं ते परतताना गाडीत म्हणाले. माणूस खरोखर खंतावलेला होता.

नेहमीच्या माणसांचे दगड मात्र ठरलेले होते. काकांच्या मते दगड माणसाच्या स्वभावाचा लागतो. माझा तपकिरी, एका बाजूने जरा उडालेला. "तुझ्यासारखा आहे. घाईत तयार झालेला, पण टिकेल," असं त्यांनी तो देताना सांगितलं. मी विचारलं, "काकूंचा कुठला?"

"ती कुठे बसते कधी?" काका म्हणाले. आणि हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं.

त्या वर्षी काकूंच्या भावाने साताऱ्याचं बिऱ्हाड आवरलं आणि तो पुण्याला मुलाकडे फ्लॅटमध्ये राहायला गेला. मुलगा-सून सकाळी सातला घराबाहेर, पूजा कोण करणार? म्हणून त्याने घरातलं पंचायतन अमेरिकेला येणाऱ्या ओळखीच्या एका बाईंबरोबर काकूंकडे पाठवून दिलं. पंचायतन म्हणजे पाच देव, पण मूर्ती नव्हेत. काळा शाळिग्राम हा विष्णू, नर्मदेतला लांबट बाण हा शंकर, लाल शोणभद्र गणपती, स्फटिक सूर्य, आणि सोनेरी कण असलेली सुवर्णमुखी म्हणजे देवी. नाक नाही, डोळे नाहीत, छिन्नी लागलेली नाही. नदीने दिले तसे पाच दगड.

काकूंनी ते एका स्टीलच्या डबीत, रेशमी खणाच्या तुकड्यात गुंडाळून, पँट्रीत रव्याच्या डब्यामागे ठेवले होते. अक्षय्य तृतीयेला स्थापना करायची, असं त्यांच्या मनात होतं. तोवर नवऱ्याला सांगायचं नाही. काकांचा देवावर विश्वास नव्हता. "जगातल्या एकाही पंपाला नारळ फोडून प्रेशर आलेलं नाही," असं ते म्हणायचे. काकूंचं देवघर टॉवेल-चादरींच्या कपाटात होतं आणि काकांनी ते कधी उघडून पाहिलं नव्हतं. मला हे सगळं नंतर कळलं. काकू म्हणाल्या, "माहेरी आम्हा मुलींना शाळिग्रामाला हात लावू देत नसत. लांबून बघायचे मी. आता कुणाला नकोसे झाले, तर बाईचा हात चालायला लागला."

आमच्या गल्लीत एक जपानी जोडपं राहायला आलं आणि काकांच्या अंगात आलं. जेवणाचं आमंत्रण गेलं. आठवडाभर आधीपासून घरात फोडणी बंद, का तर वास राहतो. सोबा नूडल्स, तोफू, समुद्री शेवाळाचं सूप, सगळं काकूंकडून दोनदा करवून घेतलं. त्या शनिवारी मी मदतीला खाली आले तेव्हा काका पँट्रीच्या दारात उभे होते. तीळ शोधायला आत गेले होते. उजव्या तळहातावर पाच दगड.

"बघ," ते म्हणाले. "पाच. एकसारखा एक नाही, आणि तरी एका घरातले." त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला. "हिने जमवले. मला कळूही दिलं नाही. पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे ना माझा."

आमच्या घरी देव म्हणजे पितळी बाळकृष्ण आणि भिंतीवरच्या तसबिरी. मला ते दगड सुंदर दिसले, इतकंच. काकांचे डोळे भरून आले होते, आणि मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

त्या दिवशी त्यांनी टेबलावर पाच पानं मांडली. "आज ती पण बसणार," म्हणाले आणि काकूंना वर साडी नेसायला पिटाळलं. "आज पहिली वाढणी मी करतो." पाहुणीला स्फटिक, पाहुण्याला काळा, मला लाल, स्वतःला लांबट, आणि काकूंच्या जागी सोनेरी कणांचा. इतक्या वर्षांनी बायकोला दगड मिळाला होता.

पाहुणे आले, वाकून झालं, सूप झालं. सगळ्यांच्या काड्या एकदा तोंडात जाऊन दगडांवर टेकल्या. पाहुण्या बाईंनी आपला दगड उचलून नाकाशी नेला. इंग्रजीत म्हणाल्या, "याला चंदनाचा वास येतोय."

"माझ्या बायकोने निवडलेत," काका म्हणाले. "मला जे इतकी वर्षं जमलं नाही, ते तिने केलं. तिच्याकडे नजर आहे."

बायकोचं कौतुक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. काकूंनीही ऐकलं नसावं. त्या नेमक्या तेव्हाच जिना उतरून दारात आल्या होत्या, हिरव्या रेशमी साडीत. त्यांनी ते वाक्य ऐकलं, मग टेबलावर पाहिलं. काळा, लाल, लांबट, स्फटिक. प्रत्येकावर उष्ट्या काड्या. काका उठले, स्वतःच्या हाताने त्यांनी खुर्ची मागे ओढली. "ये. बस आज."

काकू बसल्या नाहीत. "नूडल्स आणते," म्हणाल्या. संध्याकाळभर त्यांनी वाट्या आणल्या आणि नेल्या. फक्त जाता-येता एकदा आपल्या जागेवरचा तो दगड, ज्याला अजून काडी लागलेली नव्हती, हळूच उचलून कमरेला खोचला.

पाहुण्याने मधेच विचारलं, स्वयंपाकघरातून तो छान वास कसला येतोय? तो आमटीचा होता. फोडणीबंदीतही काकूंनी माझ्यासाठी आणि स्वतःसाठी एक पातेलं गुपचूप टाकलं होतं. पाहुणा दोन वाट्या आमटी भात कालवून चमच्याने जेवला आणि म्हणाला, खरं सांगायचं तर आम्ही इंडियन जेवण मिळेल म्हणूनच आलो होतो. काड्यांच्या दगडांबद्दल तो म्हणाला, घरी कोण ठेवतंय हे, आम्ही वाटीवरच टाकतो. काकांनी हसून घेतलं. हसताना दात तेवढे दिसले.

पाहुणे गेल्यावर काकूंनी उरलेले चार पदरात घेतले.

"अहो, हा शाळिग्राम आहे. हा बाण. दादाने पंचायतन पाठवलं होतं, ते हे."

काका गप्प झाले. तिथेच गप्प राहते तर पुढचं काही घडलं नसतं. पण गप्प राहणं ही एक जपानी गोष्ट त्यांनी कधी शिकून घेतली नव्हती. "मग काय झालं?" ते म्हणाले. "शेवटी दगडच ना? आणि खरं सांगू का, यांचा इतका चांगला उपयोग तुझ्या दादाच्या घरात तरी कुणी केला नसता."

काकू पदर सावरून स्वयंपाकघरात गेल्या. पंचामृताला दही घरात होतंच.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी जेवायला गेले तर लांब कपाटाचे सगळे खण उघडे आणि रिकामे. कपाटाच्या वर काकांची पांढरी लिननची कापडं अंथरलेली, आणि त्यांच्यावर काकांचे दगड ओळीने बसलेले. डेलावेअरचे, समुद्राकाठचे, पेनसिल्व्हेनियाच्या ओढ्यातले. प्रत्येकाला स्नान घातलेलं, प्रत्येकाला गंध, हळदकुंकू, डोक्यावर अक्षता. उदबत्ती चालू. पुढे बशीत साखर.

"हे काय आहे?" काका दारातच थांबले.

"माझे देव काल तुमच्या टेबलावर जेवले," काकू म्हणाल्या. "आता तुमचे सगळे माझ्याकडे जेवतील."

"डोन्ट बी सिली. कुंकू म्हणजे नुसता रंग आहे. मी धुवून टाकतो."

"धुवा ना. मी कुठे अडवलंय?"

काका पुढे झाले. सगळ्यात जवळच्या करड्या दगडाकडे हात नेला, आणि हात तिथेच थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला. मग पुन्हा नेला. शेवटी तो हात त्यांनी खिशात घातला आणि खिडकीबाहेर बघत, पाऊस येणार वाटतं, असं काहीतरी म्हणाले. नारळाने प्रेशर येत नाही म्हणणाऱ्या माणसाला एक कुंकवाचा ठिपका पुसवेना. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी पाणी भरायला उठले.

पुढचे काही रविवार मी चुकवले नाहीत. नियम काकांचाच होता: काडी एकतर हातात, नाहीतर दगडावर. आणि दगडावर आता देव बसला होता. त्यामुळे पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत काकांच्या काड्या हातात. पाणी डाव्या हाताने. फोन वाजला की डाव्या हाताने पाण्याचं भांडं ठेवून फोन, आणि बोलताना उजव्या हातातल्या काड्या समोरच्याच्या नाकासमोर फिरणार, जे तिकडे अत्यंत असभ्य समजतात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी सुचवलं, कागदाची घडी घालून त्यावर टेकवा. "ते तिकडे स्टेशनवर विकत मिळणाऱ्या डब्याबरोबर करतात," ते तुच्छतेने म्हणाले. एकदा नदीवर जाऊन नवा दगड आणला, धुवून ओट्यावर वाळत ठेवला आणि अंघोळीला गेले. बाहेर येईपर्यंत त्याला कुंकू लागलेलं होतं. काकूंनी त्याला दूर्वासुद्धा वाहिल्या होत्या, लॉनमधल्या.

अखेर एका रविवारी काकांनी काड्या उचलल्याच नाहीत. वाटीतला भात बोटांनी उचलला आणि भिंतीकडे बघत तोंडात टाकला. काकू मात्र तरीही ओट्याशीच उभ्या होत्या.

त्यानंतर लवकरच माझी प्लेनोला बदली झाली. टेक्सासात घरं मोठी आणि अंतरं त्याहून मोठी, न्यू जर्सीला परत जाणं झालं ते थेट मागच्या वर्षी, ऑफिसच्या कामाने. दुपारी बाराच्या सुमाराला मी बेल वाजवली. शूज बाहेर काढले. दार काकूंनी उघडलं, हात खरकटा म्हणून कोपराने. आतून हिंगाच्या फोडणीचा वास आला.

काका जेवणघराच्या टोकाला, कपाटापाशी स्टुलावर बसले होते. खांद्यावर पांढरं लिनन, पुढ्यात तांब्याचं ताम्हन, आणि ताम्हनात शाळिग्राम. पंचायतन मधोमध, आजूबाजूला त्यांचे जुने दगड, आकाराप्रमाणे लावलेले. मी नमस्कार करायला पुढे गेले तर त्यांनी हात वर केला.

"थांब. तिथेच थांब. पाणी कोमट लागतं. थंड पाण्याने गंध नीट धरत नाही, लोकांना कळत नाही."

"काका, तुमचा तर विश्वास नाही ना?"

"विश्वासाचा काय संबंध?" त्यांनी बाण उचलून उजेडात धरला, कापडाने एका दिशेने पुसला, पुन्हा पाहिला, पुन्हा पुसला. "करायचं तर नीट करायचं. हिच्या हातून घाई होते. स्फटिक ओलाच ठेवायची."

"किती वेळ चालतं?"

"दीड तास," काकू म्हणाल्या. "मधे बोललेलं चालत नाही. पूजा झाल्याशिवाय पूजा करणाऱ्याने जेवायचं नाही, हा नियमही त्यांचाच."

काकू टेबलाच्या मुख्य खुर्चीवर जाऊन बसल्या. समोर मोठं ताट. भाताची वाफ अजून वर येत होती, वरणावर तूप विरघळत होतं. ताटाशेजारी एक तपकिरी दगड होता, एका बाजूने उडालेला, आणि त्यावर तुपाचा चमचा टेकवून ठेवलेला.

"हा माझा ना?"

"तुझाच. एवढ्या एकाला कुंकू लावलं नव्हतं, तेव्हाच लपवून ठेवला होता. तू गेल्यावर म्हटलं, येशील कधीतरी. तुपाचा चमचा ठेवायला बरा पडतो." त्यांनी शेजारची खुर्ची पायाने मागे सरकवली. "बस, ताट घेऊन. गरम आहे तोवर."

मी ताट वाढून आणलं आणि बसले. आम्ही दोघी जेवत होतो. पलीकडे काका शोणभद्राला गंध लावत होते, आणि फोडणीचा वास त्यांनाही येत असणार, कारण त्यांनी दोनदा आमच्याकडे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांना राहवलं नाही.

"अगं, माझं?"

काकूंनी वर न बघता भात कालवला.

"ओट्यावर काढून ठेवलंय."